आकाशाचे फोटो काढताना कशानंतर काय करायचं: ट्रायपॉडपासून स्टॅकिंगपर्यंत

नवीन लोकांचे आकाशाचे फोटो बघितले की तेच तेच चार-पाच दोष दिसतात. तारे फुगलेले, तारे लांबट, कोपरे काळे, मागचं आकाश तपकिरी-नारिंगी, आणि वर सगळीकडे रंगीत रवा सांडल्यासारखा नॉइज. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो की आता कुठला कॅमेरा घेऊ. बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा काही दोषच नसतो, कामं उलट्या क्रमाने झालेली असतात. म्हणजे फोकस करून झाल्यावर झूम फिरवला, पोलर अलाइनमेंट (ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) करून झाल्यावर कॅमेरा चढवला, सामान आवरल्यावर फ्लॅट्स (कोपऱ्यांचा काळोख घालवायला घ्यायच्या फ्रेम्स) आठवले. म्हणून हा लेख क्रमावरच आहे, ट्रायपॉडपासून स्टॅकिंगपर्यंत, म्हणजे अनेक फ्रेम्स जुळवून एक फोटो करण्यापर्यंत.

मॅन्युअल मोड असलेला डीएसएलआर किंवा मिररलेस, एखादी लेन्स, ट्रायपॉड, आणि जमलं तर छोटा स्टार ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) एवढं गृहीत धरलंय. टेलिस्कोप असेल तरी क्रम हाच राहतो, फक्त चुका मोठ्या दिसतात. गुरू-शनीचे फोटो यात नाहीत, ते काम वेगळं आहे. त्यात व्हिडिओ घेऊन त्यातल्या चांगल्या फ्रेम्स ऑटोस्टॅकर्टसारख्या सॉफ्टवेअरने निवडतात.

## टप्पा १: आधी टार्गेट, मग लेन्स, मग तारीख

बहुतेक जण आधी तारीख ठरवतात आणि तिथे पोचल्यावर काय काढायचं ते बघतात. तसं करू नका.

आधी वस्तू आकाशात केवढी दिसते ते बघा. देवयानी दीर्घिका (गॅलेक्सी), म्हणजे एम ३१, लांबीला सुमारे ३ अंश आहे, पौर्णिमेचा चंद्र अर्धाच अंश. एपीएस-सी म्हणजे क्रॉप सेन्सरवर २०० मिमी लेन्स लावली तर फ्रेम साधारण ६.७ बाय ४.५ अंशांची होते, म्हणजे देवयानी मस्त बसते. त्याच लेन्सने अभिजितच्या जवळचा रिंग नेब्युला (तेजोमेघ) एम ५७ काढायला गेलात तर तो दीड आर्कमिनिटापेक्षाही (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) लहान आहे, फोटोत वीसेक पिक्सेलचा ठिपका येणार आणि तुम्ही म्हणणार लेन्स खराब आहे.

सुरुवातीला घ्यायच्या गोष्टी: कृत्तिका, मृगातला एम ४२, देवयानी, धनु राशीतला एम ८ आणि त्याच्या आजूबाजूचा आकाशगंगेचा पट्टा. दक्षिण गोलार्धात असाल तर कॅरिना नेब्युला आणि मॅजेलनचे दोन ढग. हॉर्सहेड, रोझेट, कॅलिफोर्निया असले लाल नेब्युला पहिल्या काही महिन्यांत नकोत, कारण त्यांचा प्रकाश मुख्यतः ६५६.३ नॅनोमीटरचा म्हणजे हायड्रोजन अल्फाचा असतो आणि साध्या कॅमेऱ्यातला सेन्सरपुढचा फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. एम ४२ आणि एम ८ एवढे तेजस्वी आहेत की तरीही येतात. दीर्घिका आणि तारकागुच्छांना या फिल्टरचा त्रास जवळजवळ नाहीच.

आता तारीख. स्टेलॅरियम या आकाशाच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपला कॅमेरा आणि लेन्स टाकून फ्रेम बघा आणि तीन गोष्टी तपासा:

– सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावरच खरा अंधार होतो, त्याआधीच्या फ्रेम्स निळसर उजळ येतात.
– टार्गेट ३० अंशांच्या वर किती वेळ आहे. ३० अंशांवर तुम्ही डोक्यावरच्या मानाने दुप्पट हवेतून बघत असता, आणि शहरांचा उजेडही खालीच असतो.
– चंद्र. अमावस्येच्या आसपासचे दिवस सगळ्यात उत्तम, पण फक्त तेवढेच धरून बसू नका. शुक्ल अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, त्यानंतरची रात्र तुमचीच आहे.

जागेबद्दल एवढंच की लाइट पोल्यूशनच्या नकाशावर बॉर्टल स्केल बघा, १ म्हणजे अगदी काळं आकाश आणि ९ म्हणजे मोठ्या शहराचा मध्य. बॉर्टल ४ ला तासाभरात जे मिळतं त्यासाठी बॉर्टल ८ ला अनेक रात्री घालवाव्या लागतात. महागड्या फिल्टरपेक्षा गाडीतलं पेट्रोल जास्त कामाला येतं, निदान दीर्घिकांसाठी तरी, कारण त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो आणि फिल्टर तोही कापतो.

## टप्पा २: उजेड असताना घरी करायचं काम

अंधारात मेनू शोधणं म्हणजे वेळ घालवणं आणि डोळ्यांची सवय मोडणं. हे सगळं दिवसा करून ठेवा:

– फाइल फॉरमॅट रॉ. जेपेगमध्ये ८ बिटच असतात, पुढे स्ट्रेच करताना (अंधुक भाग उजळवताना) पट्टे पडतात.
– लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद. ते चालू राहिलं तर २ मिनिटांच्या प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा आणखी २ मिनिटं स्वतःचा डार्क (नॉइज वजा करायला काढलेली काळी फ्रेम) घेत बसतो, म्हणजे अर्धी रात्र वाया. डार्क आपण वेगळे घेणार आहोत.
– लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद. ट्रायपॉडवर ते उलट स्वतःच हलवतं.
– व्हाइट बॅलन्स ऑटो नको, डेलाइटवर कायम ठेवा. रॉमध्ये नंतर बदलता येतो हे खरं, पण स्क्रीनवर फ्रेम्स तुलना करायला सारख्या दिसायला हव्यात.
– स्क्रीनची ब्राइटनेस सगळ्यात कमी. अंधारात उजळ स्क्रीनवर फोटो छान दिसतो आणि घरी येऊन बघितला की काळाकुट्ट निघतो.
– मॅन्युअल फोकस, आणि लांबच्या टॉवरवर फोकस करून रिंगवर पेन्सिलने खूण. ही फक्त सुरुवातीची जागा, खरा फोकस ताऱ्यावरच.

इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारा रिमोट) एकदा खोलीत बसून चालवून बघा, हे लोक हमखास टाळतात. बऱ्याच रिमोट्समध्ये इंटरव्हल म्हणजे दोन फ्रेम्समधली मोकळी जागा नसते तर एका फ्रेमच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ असतो. तिथे एक्सपोजर १२० सेकंद आणि इंटरव्हल पण १२० ठेवला तर कॅमेऱ्याला फाइल लिहायला फुरसत मिळत नाही आणि एकाआड एक फ्रेम गायब होते. १२५ ठेवा. आणि ३० सेकंदांपेक्षा जास्त एक्सपोजर हवं असेल तर कॅमेरा बल्बवर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं ठेवणारा मोड) पाहिजे, नाहीतर रिमोट काहीही म्हणो, शटर कॅमेऱ्यात लावलेल्या वेळेलाच बंद होणार.

ट्रॅकर नवीन असेल तर त्यावर कॅमेरा चढवणं, बॅलन्स करणं, बोल्ट कुठला कुठे फिरतो हे दिवसा घरात करून बघा. डोळे मिटून जमेपर्यंत, अक्षरशः.

चेक: दोन चार्ज्ड बॅटऱ्या, रिकामं कार्ड, ट्रायपॉडची प्लेट कॅमेऱ्यालाच लावलेली, लाल टॉर्च, ड्यू हीटर (लेन्सवर दव पडू न देणारा पट्टा) आणि त्याची पॉवर बँक. प्लेट घरी विसरली की रात्र संपली.

## टप्पा ३: ट्रायपॉड उभा करणं

शक्यतो उजेड असतानाच पोचा. मातीत किंवा खडकावर उभा करा, लाकडी फळ्यांवर किंवा हलणाऱ्या गच्चीवर नको. पाय फार उंच काढू नका आणि मधला दांडा वर काढूच नका. कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाका, वाऱ्यात तो शिडासारखा फडफडतो. वजन म्हणून खाली पिशवी लटकवायची पद्धत आहे, पण ती जमिनीला टेकलेली हवी. मोकळी झुलणारी पिशवी म्हणजे वाऱ्याला धरायला दिलेला लंबक.

ट्रॅकर असेल तर ट्रायपॉड लेव्हल करून ठेवा. लेव्हल नसेल तरी अलाइनमेंट होते, पण एक बोल्ट फिरवला की दुसरी दिशाही सरकते आणि वैताग येतो.

मग सगळं वजन चढवा: कॅमेरा, लेन्स, हूड, ड्यू हीटर, वायरी, रिमोट. बॅलन्स करा. पूर्वेकडची बाजू अगदी किंचित जड ठेवली की गिअर एकमेकांना टेकून राहतात आणि ट्रॅकिंग गुळगुळीत होतं. जे काही नंतर लावणार असाल ते आत्ताच लावा, कारण यानंतर वजन बदललं की पुढचा टप्पा परत करावा लागतो.

## टप्पा ४: पोलर अलाइनमेंट

बिनट्रॅकरवाल्यांनी हा टप्पा सोडून पुढे जायचं.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे सेकंदाला १५ आर्कसेकंद (आर्कमिनिटाचा साठावा भाग). ट्रॅकर तेवढ्याच वेगाने उलटा फिरतो, पण त्याचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असेल तरच त्याचा उपयोग. इथे सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ध्रुवताऱ्यावर रोखलं की झालं. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सध्या सुमारे ३८ आर्कमिनिट लांब आहे. नुसता तोच मधोमध धरला तर वाईटात वाईट दिशेला तारे मिनिटाला साधारण १० आर्कसेकंद सरकतात. २०० मिमी लेन्स आणि ३.९ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर एक पिक्सेल म्हणजे ४ आर्कसेकंद, म्हणजे २ मिनिटांत ५ पिक्सेलची रेघ. तीच चूक ५ आर्कमिनिटांवर आणली तर २ मिनिटांत एक पिक्सेलसुद्धा सरकत नाही. यावरून कळेल की कुठे कष्ट घ्यायचे आणि कुठे सोडून द्यायचं. २४ मिमीला तासभर अलाइनमेंट करत बसण्यात काही अर्थ नाही, तिथे ध्रुवतारा पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरच्या अक्षातली छोटी दुर्बीण) दिसला तरी भागतं.

१. माउंटची, म्हणजे ट्रॅकरच्या बैठकीची, उंची आपल्या अक्षांशाएवढी लावा. ध्रुव क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर असतो.
२. ढोबळ उत्तर. फोनचं होकायंत्र ट्रायपॉडच्या धातूजवळ धरू नका, चार पावलं लांब जाऊन बघा. शिवाय ते सहसा चुंबकीय उत्तर दाखवतं, खरं नाही.
३. पोलर स्कोपमध्ये ध्रुवतारा आणा आणि अ‍ॅपमध्ये दाखवतो त्या घड्याळाच्या काट्याच्या जागी बसवा. हे फक्त माउंटच्या दोन बोल्टनी करायचं, ट्रायपॉडचे पाय हलवून नाही.
४. बोल्ट घट्ट करा आणि परत बघा, कारण घट्ट करताना हमखास सरकतं.

दक्षिण गोलार्धात ध्रुवाजवळ सिग्मा ऑक्टंटिस आहे, पण तो जेमतेम ५.४ प्रतीचा, त्यामुळे तिथे ऑक्टन्स या तारकासमूहातल्या चार ताऱ्यांचा चौकोन स्कोपमध्ये जुळवतात. आणि विषुववृत्ताजवळ असाल तर ध्रुव इतका खाली असतो की झाडं नाहीतर धुकं आडवं येतं, म्हणून जागा निवडतानाच उत्तर बाजू मोकळी बघा.

सावधान: ट्रॅकरवर उत्तर-दक्षिण गोलार्धाचं बटण असतं. ते उलटं राहिलं तर तारे थांबायच्या ऐवजी दुप्पट लांब रेघा ओढतात. रेघा बिनट्रॅकरपेक्षाही वाईट दिसल्या की आधी हे बटण बघा. मग वेग बघा, चंद्र किंवा सूर्याच्या वेगावर किंवा अर्ध्या वेगावर तर नाही ना.

## टप्पा ५: फोकस

यात घाई करणाऱ्यांची रात्र फुकट जाते. फोकस चुकला तर कुठल्याही सॉफ्टवेअरने तो परत येत नाही.

लेन्सवरची अनंताची खूण विसरा. बहुतेक ऑटोफोकस लेन्सेस अनंताच्याही पुढे फिरतात, त्यामुळे रिंग शेवटपर्यंत फिरवून ठेवणाऱ्याचे तारे हमखास मऊ येतात. झूम लेन्स असेल तर आधी झूम नक्की करून त्या रिंगला टेप लावा, मग फोकसला हात लावा. उलट केलंत तर सगळं परत.

लाइव्ह व्ह्यू चालू, १० पट मोठं करा, मध्यम तेजाचा तारा घ्या. व्याध किंवा अभिजितवर फोकस करायचा मोह होतो, पण ते इतके तेजस्वी असतात की फोकस थोडा चुकला तरी गोळा तसाच दिसतो, लक्षातच येत नाही. रिंग हळूहळू फिरवत तारा सगळ्यात लहान होईल तिथून मुद्दाम थोडं पुढे जा, परत या, पुन्हा पलीकडे जा. तारा सगळ्यात लहान दिसण्याच्या जवळपास अंधुक तारे अचानक दिसायला लागतात, ती खूण जास्त भरवशाची.

बाहटिनोव्ह मास्क (लेन्सपुढे लावायची खाचांची चकती) असेल तर काम सोपं होतं. तेजस्वी ताऱ्याभोवती तीन रेघा दिसतात, मधली रेघ बाकीच्या दोघींच्या बरोब्बर मधोमध आली की फोकस झाला. मास्क लावला असेल तर मात्र व्याधसुद्धा चालतो. आणि फोटो सुरू करण्याआधी मास्क काढा, हे सांगावं लागतं.

मग फोकस रिंगला टेप. टेप लावल्यावर एक टेस्ट फोटो काढून १०० टक्क्यांवर बघा, कारण टेप लावतानाच रिंग सरकते.

चेक: तापमान उतरतं तसा फोकस सरकतो. दर तासाला, किंवा अंगाला गारवा जाणवला की, एक फ्रेम मोठी करून बघायचीच.

## टप्पा ६: फ्रेमिंग

आता टार्गेटकडे वळा. आयएसओ ६४०० किंवा त्याहून वर नेऊन ५-१० सेकंदांचे टेस्ट फोटो काढत फ्रेम जुळवा. हे फोटो कुरूप येणार, येऊ देत, ते फक्त दिशा बघायला आहेत. देवयानीसाठी शर्मिष्ठेच्या इंग्रजी डब्ल्यूसारख्या आकाराचा टोकदार भाग वापरा, तो बाणासारखा देवयानीकडे बोट दाखवतो.

बॉलहेड ढिलं करून वळवताना दुसऱ्या हाताने ट्रॅकर धरा. वळवून झाल्यावर पोलर स्कोपमधून परत एकदा बघून घ्या. हा अर्ध्या मिनिटाचा चेक जवळजवळ कोणीच करत नाही आणि मग म्हणतात, अलाइनमेंट तर बरोब्बर केली होती.

आयएसओ परत खाली आणायला विसरू नका.

## टप्पा ७: एक्सपोजर ठरवणं

बिनट्रॅकर: सगळीकडे ५०० चा नियम सांगतात, ५०० भागिले फोकल लेंग्थ, आणि क्रॉप सेन्सर असेल तर फोकल लेंग्थला १.५ किंवा १.६ ने गुणून. फुल फ्रेमवर २४ मिमीला साधारण २० सेकंद येतात. आजच्या बारीक पिक्सेलच्या कॅमेऱ्यांना हा नियम फार ढिला आहे, मोठा करून बघितलं की तारे अंड्यासारखे. त्यापेक्षा एनपीएफ नियम वापरा: एफ नंबर गुणिले ३५, अधिक पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये गुणिले ३०, या बेरजेला फोकल लेंग्थने भागा. २४ मिमी, एफ/२.८, ६ मायक्रॉनचे पिक्सेल: ९८ अधिक १८०, भागिले २४, म्हणजे साडेअकरा सेकंद. ३.९ मायक्रॉन असतील तर ९ सेकंद. १३५ मिमीला हेच दीड सेकंदावर येतं, म्हणून लांब लेन्सला ट्रॅकर लागतो. ध्रुवाच्या दिशेला तारे हळू सरकतात त्यामुळे तिथे थोडी सूट मिळते.

वेळ कमी म्हणून निराश होऊ नका, १० सेकंदांच्या १०० फ्रेम्स म्हणजे पावणेसतरा मिनिटांचा प्रकाश. फक्त दर काही मिनिटांनी फ्रेम परत मध्ये आणा, कारण खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दहा मिनिटांत अडीच अंश सरकून जातो.

ट्रॅकरवर: इथे नियम नाही, हिस्टोग्राम (फोटोत किती पिक्सेल किती उजळ ते दाखवणारा आलेख) बघायचा. आयएसओ ८०० किंवा १६००, लेन्स सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरपेक्षा एक स्टॉप बारीक (एफ/१.८ असेल तर २.५, कोपऱ्यातले तारे पक्ष्यासारखे पसरायचे थांबतात). मग ३०, ६०, १२० सेकंदांची एकेक फ्रेम काढा. हिस्टोग्रामचा डोंगर डाव्या भिंतीपासून स्पष्ट सुटलेला हवा, साधारण चौथाई ते एक तृतीयांशावर. भिंतीला चिकटलेला असेल तर अंधुक भाग नॉइजमध्ये बुडला, अर्ध्याच्या पुढे गेला तर ताऱ्यांचे रंग जळाले. आणि तारे गोल हवेत. लांबट दिसले की वेळ अर्धी करा आणि पुढे चला, फ्रेम्स वाढवून भरपाई होते.

आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही. ६४०० वर मागच्या स्क्रीनवर नेब्युला झकास दिसतो म्हणून लोक तिथेच राहतात, आणि मग एम ४२ चा गाभा पांढराफटक.

## टप्पा ८: फ्रेम्स घेणं

एकूण वेळ महत्त्वाचा. सिग्नल फ्रेम्सच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, नॉइज मात्र वर्गमूळाने, म्हणून फोटो दुप्पट स्वच्छ हवा असेल तर चौपट वेळ लागतो. एका तासावरून चार तासांवर गेलात तर फरक दिसेल, एकावरून सव्वावर गेलात तर नाही. म्हणूनच एका रात्री पाच टार्गेट्स उरकण्यापेक्षा एकच धरा.

दर १०-१५ फ्रेम्सनंतर फ्रेम मुद्दाम थोडी हलवा, दहा-वीस पिक्सेल, कुठल्याही दिशेला. याला डिदरिंग म्हणतात. गायडिंगवाल्यांना (दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा बघत ट्रॅकिंग दुरुस्त करणाऱ्यांना) पीएचडी२ सारखं सॉफ्टवेअर करून देतं, बाकीच्यांनी हाताने करायचं. सेन्सरचे गरम पिक्सेल दर वेळी ताऱ्यांच्या तुलनेत वेगळ्या जागी पडतात आणि स्टॅकिंगमध्ये ते गाळले जातात. फुकटात होणारी सगळ्यात मोठी सुधारणा हीच.

सावधान, दव: तारे हळूहळू फुगत चालले आणि त्यांच्याभोवती धूसर वलय आलं की फोकसला हात लावायच्या आधी लेन्सच्या काचेवर बाजूने टॉर्च मारून बघा. दव असेल तर पुसू नका, काच चरते आणि दोन मिनिटांत परत दव. ड्यू हीटर पहिल्या फ्रेमपासून चालू ठेवायचा असतो, दव पडल्यावर नाही.

## टप्पा ९: आवरायच्या आधी कॅलिब्रेशन फ्रेम्स

सगळे थकलेले असतात, झोप आलेली असते, आणि हा टप्पा गळतो.

फ्लॅट्स (२०-३०): कोपऱ्यातला काळोख आणि सेन्सरवरच्या धुळीचे गोल डाग यानेच जातात. फोकस, अ‍ॅपर्चर, कॅमेऱ्याचा कोन, हूड, काहीही न बदलता लेन्सवर पांढरं सुती कापड ताणून बसवा आणि पहाटेचं आकाश किंवा टॅबलेटचा पांढरा स्क्रीन दाखवा. आयएसओ तोच, शटर असा की हिस्टोग्राम मधोमध येईल. स्क्रीन वापरत असाल तर शटर १/३० किंवा त्याहून हळू ठेवा, नाहीतर आडवे पट्टे येतात. लेन्स काढून पिशवीत टाकली आणि मग फ्लॅट्स आठवले तर सोडून द्या, चुकीचे फ्लॅट्स नसलेल्यांपेक्षा वाईट.

डार्क्स (२०): झाकण लावून, तोच आयएसओ, तेवढंच एक्सपोजर, आणि तेवढंच तापमान. म्हणून इथेच घ्यायचे, घरी उबेत बसून नाही. सामान आवरता आवरता कॅमेरा बाजूला ठेवून होतात. व्ह्यूफाइंडरही झाका, डीएसएलआरमध्ये तिथून उजेड शिरतो.

बायस (५०), सेन्सर वाचतानाचा नॉइज मोजायला: झाकण, तोच आयएसओ, कॅमेऱ्याचा सगळ्यात वेगवान शटर. एक मिनिटाचं काम.

वेळच नसेल आणि एकच निवडायचं असेल तर फ्लॅट्स घ्या. डिदरिंग केलं असेल तर डार्क्सशिवाय निभावतं, फ्लॅट्सशिवाय नाही.

## टप्पा १०: स्टॅकिंग

आधी सगळ्या लाइट फ्रेम्स, म्हणजे आकाशाच्या खऱ्या फ्रेम्स, एकेक करून बघा. ढग, गाडीचा हेडलाइट, धक्का, लांबट तारे असलेल्या बाजूला काढा. उपग्रहाची किंवा विमानाची एक रेघ असेल तर काढू नका, पुरेशा फ्रेम्स असतील तर सिग्मा क्लिपिंग (इतर फ्रेम्सपेक्षा फार वेगळे पिक्सेल गाळणं) ती खाऊन टाकतं.

सिरिल हे स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. त्यात लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस असे चार फोल्डर करून तयार स्क्रिप्ट चालवायची. डीपस्कायस्टॅकरही चांगलं. पुढे जमीन किंवा झाडं असलेल्या आकाशगंगेच्या फोटोसाठी सिक्वेटर बरं पडतं, कारण ते आकाश आणि जमीन वेगवेगळी हाताळतं.

स्टॅक झालेली फाइल काळी दिसते. ती काळीच असते, घाबरू नका. सिरिलमध्ये ऑटोस्ट्रेच लावलं की सगळं दिसायला लागतं, पण ते फक्त बघण्यापुरतं असतं, फाइलमध्ये काही बदललेलं नसतं. लोक तसंच सेव्ह करतात, दुसरीकडे उघडतात आणि परत काळं बघून गोंधळतात. डीपस्कायस्टॅकरमधून सेव्ह करताना ३२ बिट टिफ घ्या आणि तिथले स्लायडर फाइलवर लागू करू नका.

## टप्पा ११: प्रोसेसिंग, याच क्रमाने

१. कडा कापा. स्टॅकिंगमध्ये कडेला अर्धवट पट्ट्या राहतात, त्या ठेवल्या तर पुढची प्रत्येक पायरी त्यांना खरं आकाश समजते.
२. ग्रेडियंट, म्हणजे आकाशात एका बाजूला वाढत गेलेला उजेड, काढा. सिरिलचं बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन किंवा ग्रॅक्सपर्ट. नमुन्याचे ठिपके नेब्युलावर किंवा दीर्घिकेच्या कडांवर पडू देऊ नका, नाहीतर सॉफ्टवेअर तेच आकाश समजून वजा करतं. देवयानीचे बाहेरचे हात असेच गायब होतात.
३. रंग जुळवा. सिरिल फोटोतले तारे ओळखून कॅटलॉगमधल्या रंगांशी मेळ घालतं. डोळ्याने करण्यापेक्षा हे कधीही बरं, आणि हे स्ट्रेचच्या आधीच करायचं.
४. स्ट्रेच. एका दमात नाही, तीन-चार वेळा थोडं थोडं. काळा पॉइंट हिस्टोग्रामच्या डोंगरात घुसवू नका. मागचं आकाश गडद राखाडी हवं. अगदी काळं केलं की सगळ्यात अंधुक भाग, ज्यासाठी रात्रभर जागलात, तोच कापला जातो.
५. मग नॉइज कमी करणं, आणि शेवटी रंगांचं सॅच्युरेशन. शार्पनिंग अगदी थोडं, ताऱ्यांभोवती काळी कडी दिसली की जास्त झालं.

ग्रेडियंटच्या आधी स्ट्रेच केलं तर नारिंगी डाग पक्का बसतो आणि मग तो घालवायला फोटोशॉपमध्ये तासन् तास ब्रश फिरवावा लागतो.

## दोष बघून कारण ओळखा

फोटो बिघडला की अंदाजाने सगळंच बदलू नका. एक न स्टॅक केलेली फ्रेम उघडा, १०० टक्क्यांवर मध्य आणि चारही कोपरे बघा.

– सगळीकडे एकाच दिशेने लांबट तारे: पोलर अलाइनमेंट, ट्रॅकिंग किंवा बॅलन्स. काही फ्रेम्समध्येच असेल तर वारा नाहीतर गिअरची चूक, एक्सपोजर कमी करा.
– मध्ये गोल, कोपऱ्यात चारही बाजूंना पसरलेले: लेन्स. आणखी एक स्टॉप बारीक करा. एकाच कोपऱ्यात असेल तर लेन्स किंवा अ‍ॅडाप्टर तिरकं बसलंय.
– एका फ्रेममध्ये तारे गोल, स्टॅकमध्ये कडेला फिरल्यासारखे: सॉफ्टवेअरने तारे नीट जुळवले नाहीत. ताऱ्यांचा थ्रेशोल्ड कमी करा म्हणजे जुळवायला जास्त तारे मिळतील, आणि वाईट फ्रेम्स काढून परत चालवा.
– तारे फुगलेले, मध्ये भोक: फोकस. उपाय पुढच्या रात्री.
– सुरुवातीच्या फ्रेम्स छान, नंतरच्या धूसर: दव, किंवा तापमानाने सरकलेला फोकस. चांगल्या तेवढ्याच स्टॅक करा.
– कोपरे उलट उजळ, किंवा धुळीच्या डागांच्या जागी पांढरी वलयं: फ्लॅट्स जुळत नाहीत. फ्लॅट्सशिवाय स्टॅक करून बघा, सुधारलं तर नक्की तेच.
– मागच्या आकाशात एकाच दिशेने तिरक्या रेघोट्या, जणू पाऊस पडतोय: फ्रेम रात्रभर हळूहळू एकाच दिशेला सरकत गेली आणि डिदरिंग केलं नाही. डार्क्सनी थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. पुढच्या वेळी दर दहा फ्रेम्सनी हलवा आणि दर वेळी दिशा बदला. एकाच बाजूला हलवत गेलात तर परत त्याच रेघोट्या, फक्त जास्त रुंद.